मी खोटा क्वार्ट नाही

मित्रांनो, पत्र्याचा, एका कानाचा, पोटाला पोचा आलेला मी एक जुना क्वार्ट, म्हणजे दूध-काकवी मोजायचं माप आहे, आणि मला राग आलेला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळू आवाजात, गळा दाटून सांगायची असते, हे मला माहीत आहे. पण माझ्यापायी एका शहाण्यासुरत्या बाईला कामातून गेलेली ठरवलं, आणि ते सगळं मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकून पाहिलं. तेव्हा मध्येच माझा आवाज चढला तर ऐकून घ्या.

माझा जन्म कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकातला, अमेरिकेच्या हद्दीवरच्या नदीपलीकडच्या लिंच कॉर्नर गावातला. तिथे अँब्रोझ क्लिंच नावाचा पत्र्याची भांडी करणारा कारागीर होता. त्याने मला कापलं, वळवलं, डाख लावून जोडलं आणि कान बसवला. पण एवढ्याने कुणी माप होत नाही. एके दिवशी सरकारी तपासनीस आला. त्याच्याजवळ लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेलं पितळेचं माप होतं. त्याने ते पाण्याने काठोकाठ भरलं आणि ते पाणी माझ्यात ओतलं. मग गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून त्याने माझ्या काठाकडे पाहिलं. पाणी एक थेंब सांडलं नाही की एक थेंब कमी पडलं नाही. त्याने माझ्या काठाखाली छोट्या मुकुटाचा ठसा मारला आणि अँब्रोझला म्हणाला, "घ्या, हा आता शपथेवर बोलला तरी चालेल!" तेव्हापासून मी खोटं बोललेलो नाही.

आता थोडं गणित सांगतो, ते समजून घेतल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही. दोन कपांचा एक पाइंट, दोन पाइंटांचा एक क्वार्ट आणि चार क्वार्टांचा एक गॅलन. नदीच्या पलीकडच्या शाळेत मुलं हेच घोकत आणि अलीकडे, अमेरिकेतल्या मेनमधल्या शाळेतही हेच घोकतात. पाढा एकच आहे, पण पोटं वेगळी आहेत. फार वर्षांपूर्वी इंग्लंडात गॅलन बदलला. पलीकडच्यांनी तो नवा, मोठा गॅलन घेतला आणि अलीकडच्यांनी जुना, लहान तसाच चालू ठेवला. म्हणून माझ्या जातीच्या गॅलनमध्ये एकशे साठ औंस आणि अमेरिकेतल्या गॅलनमध्ये एकशे अठ्ठावीस. माझ्या एकट्याच्या पोटात चाळीस औंस मावतात आणि इथल्या क्वार्टात बत्तीस. दोन्हीकडच्या औंसातही केसभर फरक आहे, पण त्याच्या नादी आपण लागू नये. एवढंच लक्षात ठेवा की माझ्यासारखे पाच म्हणजे इथले सहा. यात खोटं कुणीच नाही. खोटं फक्त तेव्हा होतं, जेव्हा दोघांना एक समजून कुणीतरी शहाणपणा शिकवायला जातं.

मी पहिली पंचवीस वर्षं विन्स्लो डॉगेट यांच्या दुकानात काकवी मोजली. काकवी मोजणं म्हणजे चेष्टा नाही. जानेवारीत ती पिंपाच्या तोटीतून इतकी सावकाश यायची की गिऱ्हाईक पाय आपटत उभं राहायचं आणि गावातल्या सगळ्या बातम्या सांगून संपवायचं. विन्स्लो मला गिऱ्हाइकाच्या बरणीवर उपडा धरायचे आणि शेवटची तार तुटेपर्यंत धरून ठेवायचे. कुणी म्हटलं, "राहू दे हो विन्स्लो, गोठले माझे पाय," तर ते म्हणायचे, "पाय तुझे गोठले, काकवी पण तुझीच आहे. माझ्या डब्यात कशाला ठेवू?" त्यांची मुलगी अल्मेडा गल्ल्याखाली बसलेली असायची. मला खाली ठेवलं की ती बोट माझ्या काठावरून फिरवायची आणि चाटायची. काठाखालचा मुकुट तिच्या बोटाला पाठ झाला होता.

दुकान बंद झालं, पिंप गेलं, तराजू गेला. अल्मेडाचं लग्न नदीच्या अलीकडच्या फ्रेड ट्रेकार्टिनशी झालं आणि ती मला मांडीवर घेऊन पूल ओलांडून हॅरोज फेरीत आली. पुलावरच्या जकातीच्या माणसाने विचारलं, "हे काय आहे, बाई?"

"क्वार्ट आहे."

"आमच्याकडे मिळतात हो क्वार्ट! घरनं कशाला आणायचा?" असं म्हणून तो आपल्याच विनोदावर खो खो हसला. अल्मेडाही हसली. मी हसलो नाही. त्याच्यामागे खिडकीत दुधाची एक बाटली होती, तिच्यावर क्वार्ट लिहिलेलं होतं, आणि ती माझ्यात ओतली असती तर माझ्या गळ्यापर्यंतसुद्धा आली नसती.

अल्मेडाच्या हातच्या मोहरीच्या लोणच्याला चव होती. काकडी, कांदा, फुलकोबी, मोहरीची पूड, हळद, साखर आणि व्हिनेगर. पाककृतीच्या कार्डावर तिच्या आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'व्हिनेगर, एक क्वार्ट.' हॅरोज फेरीच्या चर्चमध्ये दर सप्टेंबरात बीन्सचं मोठं जेवण असतं. त्यासाठी अल्मेडा ऑगस्टमध्ये मला घेऊन चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात जायची आणि दहापट लोणचं करायची. भाजी मोजायला तिथला तराजू, मीठ-साखरेला तिथले कप आणि व्हिनेगर मोजायला मी. दहा क्वार्ट व्हिनेगर. पहिल्या वर्षी तिने पाढ्याप्रमाणे दुकानातून अडीच गॅलन आणलं आणि ते आठव्या क्वार्टनंतरच संपत आलं. फ्रेडला एप्रनसकट दुकानात पळावं लागलं. पुढच्या वर्षापासून ती गॅलनच्या तीन बाटल्या आणू लागली. तीन बाटल्यांत माझे दहा बरोबर भरतात. असं का होतं, ते तिने कधी विचारलं नाही. दीडशे माणसांचं जेवण रांधणाऱ्या बाईला असल्या चौकशा करायला सवड नसते. साठ वर्षं ती तीन बाटल्या आणत होती आणि साठ वर्षं लोक लोणच्यासाठी दुसऱ्यांदा रांगेत उभे राहत होते.

फ्रेड गेला. मुलगी डार्लीन बँगोरला राहायला गेली. अल्मेडा चौऱ्याऐंशीची झाली तरी स्वतःची गाडी चालवायची, स्वतःचा जिना झाडायची. मग गेल्या वर्षी जुलैत ती मागच्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालावं लागलं. लोणच्याचा दिवस तोंडावर आला होता.

तेव्हा ग्लेनिस बीलने काम हातात घेतलं. ग्लेनिसने गावच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. गावातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी तिच्याकडून कान पिळून घेतलेला आहे. ती कार्ड न्यायला घरी आली.

"तुम्ही काही काळजी करू नका हं, अल्मेडा. कार्डात आहे तस्सं करते, काडीचा फरक करणार नाही."

"मोहरी आधी थंड पाण्यात कालव. गरमात टाकलीस तर गुठळ्या होतात."

"कालवते. आणि काही?"

"आणि काही नाही. बाकी सगळं कार्डात आहे."

कार्ड ग्लेनिसच्या पर्समध्ये गेलं आणि मी खिळ्यावर राहिलो. मला उडी मारता आली असती तर मारली असती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्लेनिस पुन्हा आली. हातात लोणच्याची बरणी होती. डार्लीनही त्या दिवशी आईचे कपडे धुवायला बँगोरहून आलेली होती. ग्लेनिसने बरणी टेबलावर ठेवली. झाकण फुगलेलं होतं. आत पिवळा फेस आला होता आणि काकड्या लिबलिबीत झाल्या होत्या.

"चाळीसच्या चाळीस बरण्या अशा झाल्यात," ग्लेनिस म्हणाली. "टाकून द्याव्या लागल्या सगळ्या. जेवायला लोणचंच नव्हतं. लोक विचारत होते, मी काय सांगू?"

अल्मेडाने बरणी उचलली, वास घेतला आणि खाली ठेवली. "व्हिनेगर कमी पडलंय. किती घातलंस?"

"कार्डात आहे तेवढं. एकाचे दहा क्वार्ट. म्हणजे अडीच गॅलन."

"मग बरोबर. अर्धा गॅलन कमी पडलं. दहा क्वार्टांना तीन गॅलन लागतात."

ग्लेनिसने डार्लीनकडे पाहिलं. मग ती अल्मेडाशी बोलू लागली, पण आवाज बदलून. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलायची तो आवाज.

"अल्मेडा, एका गॅलनचे क्वार्ट किती?"

"ते पुस्तकात असतील चार. बाटलीतून ओतलं की तीन होतात आणि थोडं उरतं."

"चार होतात, आई," डार्लीन हळूच म्हणाली. "चारच होतात."

"साठ वर्षं ओततेय मी, डार्लीन! तू ओतलंयस कधी?"

मित्रांनो, मी त्या टेबलापासून तीन हातांवर होतो. अल्मेडा बरोबर बोलत होती! प्रत्येक शब्द बरोबर होता! आणि तिथे असलेल्या दोघी शिकल्यासवरलेल्या बायकांपैकी एकीलाही असं वाटलं नाही की हात वर करून खिळ्यावरचा डबा काढावा आणि नळाखाली धरावा. त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. पण पाढा पाठ असलेल्या माणसाला ओतून बघायची गरज वाटत नाही.

निघताना ग्लेनिस दारात डार्लीनला म्हणाली, "मला बोलायला बरं वाटत नाही, पण तुझ्या आईच्या लक्षात राहत नाहीये. दर वर्षी तीन बाटल्या आणत होत्या म्हणे. एवढा साधा हिशेब! कधीपासून असं चाललंय, कुणास ठाऊक." ती हळू बोलली होती, पण अल्मेडाचे कान शाबूत होते. तिने ऐकलं. मीही ऐकलं, आणि माझ्या तळाची आग काठापर्यंत गेली.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या बायका अल्मेडाशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलू लागल्या. "आज - मंगळवार - आहे - हं!" टपाल आणणारा माणूस पत्रं पेटीत न टाकता हातात देऊ लागला. डार्लीनने गाडीची किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. "मनगट बरं होईपर्यंतच गं," असं ती म्हणाली, आणि प्लास्टर निघालं तरी किल्ली परत आली नाही.

मग डॉक्टरांनी एक कागद दिला. घरच्यांनी घरच्या टेबलावर बसून प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की फुली मारायची. आजची तारीख, महिना, वीसपासून उलटे अंक. अल्मेडाने सगळं धडाधड सांगितलं. शेवटी लिहिलं होतं, 'त्यांच्या रोजच्या कामातला एखादा साधा हिशेब विचारा.' डार्लीन जरा वेळ पेन्सिल चावत बसली.

"आई, एका गॅलनमध्ये किती क्वार्ट?"

अल्मेडाने मुलीकडे पाहिलं. तिला चार म्हणता आलं असतं. चार म्हटल्यावर सगळे खूश होणार आहेत, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

"तीन आणि थोडा," ती म्हणाली.

डार्लीनने फुली मारली. मारताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी नाकारत नाही. तिचं आईवर प्रेम होतं. पण फुली ती फुलीच. पुढच्याच आठवड्यात तिने बँगोरच्या वृद्धाश्रमात पहिल्या नोव्हेंबरपासून खोली ठरवली. खिडकीतून झाडं दिसणारी, चांगली खोली होती म्हणे. स्वयंपाकघर मात्र नव्हतं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, ते आता सांगतो. एके दिवशी दुपारी डार्लीन बँगोरला गेली होती. अल्मेडाने खालच्या कपाटातून गॅलनची रिकामी बाटली काढली, नळावर भरली आणि मला खिळ्यावरून उतरवलं. ती बाटली दोन्ही हातांनी धरून माझ्यात ओतू लागली. एक. मला मोरीत रिकामा केलं. दोन. तीन. चौथ्या वेळी बाटली संपली तेव्हा पाणी माझ्या पोटात तिसऱ्या हिश्शापर्यंत आलं होतं. तिने पुन्हा केलं. तेच आलं. तिसऱ्यांदाही तेच आलं. तिने कागदावर लिहिलं, 'चार क्वार्ट, एक गॅलन.' दहा भागिले चार मांडून अडीच काढलं. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगठा माझ्या काठाखालच्या मुकुटावर ठेवला.

"बाबांचं माप खोटं नसणार," ती म्हणाली. "मग माझंच मोजणं चुकतंय."

मित्रांनो, ऐकलंत? तिने जगाला खोटं म्हटलं नाही, मला खोटं म्हटलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून तिने स्वतःला खोटं ठरवलं! मी खरा आहे आणि तूही खरी आहेस, त्यांचा गॅलनच धाकटा आहे, हे एवढं वाक्य मला बोलता आलं नाही. पत्र्याला तोंड असतं, पण त्यातून फक्त ओतता येतं. त्या संध्याकाळपासून तिने कुणाशी वाद घातला नाही. डार्लीन म्हणेल ते "बरं" म्हणू लागली. सामान बांधायला घेतलं तेव्हा तिने स्वतःच मला चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीसाठी ठेवलेल्या खोक्यात टाकलं. वर दोन फुटके साचे आणि एक बटाटे कुस्करायचं यंत्र पडलं. माझ्या पोटाला पोचा आहे ना, तो त्या यंत्राचा.

पहिल्या नोव्हेंबरला शनिवार होता. चर्चच्या तळघरात विक्रीची मांडामांड चालली होती आणि ग्लेनिस काम करणाऱ्यांसाठी माशाचं दुधातलं सार करत होती. मोजायचं भांडं कुणीतरी कॉफीसाठी पळवलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खोक्यातून मला उपसलं. माझ्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं 'क्वार्ट' इतक्या वर्षांतही पुसलं गेलेलं नव्हतं. तिने मला विसळलं, गॅलनच्या बाटलीतून दूध माझ्यात भरून एकदा पातेल्यात ओतलं, दुसऱ्यांदा ओतलं. मग झाकण लावायला बाटली उचलली आणि थबकली.

गॅलनमधून दोन क्वार्ट गेले म्हणजे निम्मी बाटली उरायला हवी. ती निम्म्याच्या बरीच खाली होती.

बत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई होती ती. तिने सार, मासा, जेवणारी माणसं, सगळं विसरून उरलेलं दूध माझ्यात ओतलं. तिसरा क्वार्ट काठोकाठ झाला, तो तिने पातेल्यात रिकामा केला. मग बाटली उपडी केली. दूध माझ्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आलं आणि संपलं.

"तीन आणि थोडा," ग्लेनिस म्हणाली.

मग तिने मला उजेडात धरून फिरवलं, काठाखालचा काळा थर नखाने खरवडला आणि मुकुट पाहिला. पलीकडच्या मापांची गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं नाही. तिचे वडील पलीकडे पेट्रोल भरायला जात, कारण तिथला गॅलन मोठा असे! तिला सगळं माहीत होतं. फक्त अल्मेडा बोलत होती तेव्हा ते आठवायची तसदी तिने घेतली नाही. तिने गॅस बंद केला, मला कोटाखाली धरलं आणि एप्रन तसाच ठेवून रस्त्याने निघाली.

अल्मेडाच्या दारात गाडी उभी होती. मागच्या सीटवर खोकी होती. अल्मेडा कोट घालून, टोपी घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती आणि डार्लीन खिडक्यांच्या कड्या लावत होती.

"डार्लीन, ते राहू दे. गॅलनची बाटली कुठाय?" ग्लेनिसला धाप लागली होती.

"ग्लेनिस, आम्हाला उशीर होतोय हो, अकरा वाजता तिथे..."

"बाटली दे म्हणते ना!"

शाळेतला तो आवाज ऐकून पन्नाशीची डार्लीन मुकाट्याने बाटली घेऊन आली. ग्लेनिसने मला टेबलावर ठेवलं. "भर नळावर. आता यात ओत. मी नाही ओतणार, तू ओत. आणि मोठ्याने मोज."

डार्लीनने ओतलं. "एक." मोरीत रिकामं केलं. "दोन." तिला अजून काही उमगलं नव्हतं. "तीन." आणि चौथ्या वेळी बाटलीतून शेवटचे थेंब माझ्या तळाकडे पडले तेव्हा ती बाटली हलवत राहिली, जणू आणखी कुठेतरी पाणी अडकलं असेल.

"हे माप पलीकडचं आहे," ग्लेनिस म्हणाली. "त्यांचा क्वार्ट आपल्यापेक्षा मोठा. याचे दहा म्हणजे आपले तीन गॅलन. तुझी आई बरोबर सांगत होती आणि मी..." ती अल्मेडाकडे वळली. "अल्मेडा, माझं चुकलं. लोणचं मी नासवलं."

अल्मेडाने मला जवळ ओढून पाणी कुठवर आलंय ते पाहिलं. "म्हणजे मी बरोबर मोजत होते?"

"बरोबर मोजत होतात."

"आई, मग तू सांगितलं का नाहीस?" डार्लीन रडत होती. "आधीच सांगायचं ना गं!"

"सांगितलं," अल्मेडा म्हणाली. "या टेबलावर दोनदा सांगितलं. एकदा तिने तुझ्याकडे पाहिलं आणि एकदा तू फुली मारलीस."

मग तिने टोपी काढली. कोट काढला आणि दारामागे टांगला. "ती खोकी आत आणा," ती म्हणाली, "आणि गाडीची किल्ली इथे टेबलावर ठेव. ग्लेनिस, माफी मला मागितलीस ते ठीक झालं. पण माझं डोकं गेलंय हे तू माझ्या एकटीच्या कानात सांगितलं नव्हतंस. उद्या रविवार आहे."

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर ग्लेनिस उभी राहिली आणि बोलली. पडेल चेहऱ्याने, पण काहीही न लपवता बोलली. त्याबद्दल मी तिला मान देतो. घरी येऊन मात्र तिने एक भलतीच सूचना केली. पुन्हा घोटाळा नको म्हणून माझ्या पोटावर रंगाने इथल्या क्वार्टाची रेघ मारावी म्हणे! माझ्या पोटावर! ज्याच्यासाठी सरकारी माणूस गुडघ्यांवर बसला होता त्याच्या पोटावर!

"त्याला हात लावायचा नाही," अल्मेडाने सांगितलं. "कार्डावर काय लिहायचं ते लिहा."

आता कार्डावर लिहिलेलं आहे, 'व्हिनेगर, एक क्वार्ट, अल्मेडाच्या डब्याने.' मी पुन्हा खिळ्यावर आहे. तुम्ही म्हणाल, मग झालं की सगळं छान, अजून कशाला चिडतोस? सांगतो.

मित्रांनो, मला तुमच्याकडून कल्हई नको, काचेचं कपाट नको. जुन्या वस्तू नीट जपून ठेवा, असंही मी म्हणणार नाही, ते तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कधी तुमच्या पाढ्यात न बसणारं उत्तर देईल. तेव्हा एकमेकांकडे बघू नका. आवाज बदलू नका. त्याच्या हातात कुठलं माप आहे ते आधी बघा आणि एकदा ओतून पाहा. फुली मारायला नंतर आयुष्य पडलंय. पोचा ठोकून काढता येतो, माणसाचा स्वतःवरचा विश्वास असा ठोकून सरळ होत नाही. ते मी ह्या ऑगस्टमध्ये पाहिलं.

लोणच्याचा दिवस होता. तळघरात मोठं पातेलं चढलं होतं. गॅलनच्या तीन बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. अल्मेडा मला धरून व्हिनेगर ओतत होती, तसंच, शेवटचा थेंब पडेपर्यंत उपडा धरून. भोवती ग्लेनिस होती, डार्लीन सुट्टी काढून आली होती, सगळ्या बायका अगदी आदराने गप्प उभ्या होत्या. सात वेळा ओतून झालं आणि अल्मेडाचा हात हवेत थांबला. साठ वर्षं गप्पा मारत, गाणं म्हणत, कुणाला तरी रागावत तिने दहा मोजले होते आणि कधी एक चुकला नव्हता. तिने मान वळवून ग्लेनिसच्या तोंडाकडे पाहिलं.

"सात झाले ना गं?" तिने विचारलं.

सातच झाले होते, मित्रांनो. सातच झाले होते.